ट्रीजचा शेवटचा अल्बम आणि जात्यावरची ओवी: सांगलीच्या एका बँडला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत पाच जणांचा बँड आहे: गाणारी, दोन गिटार, बेस आणि ड्रम. शिवाय गरजेप्रमाणे हलगी आणि धनगरी ढोल. नोकऱ्यांमुळे मंडळी पांगणार आहेत, त्याआधी एक शेवटचा अल्बम करायचा आहे. जात्यावरच्या ओव्या, एक धनगरी ओवी, एक पोवाडा आणि तीन-चार स्वतःची गाणी असा बेत आहे. तालमीत प्रत्येक गाणं सुरुवातीला छान वाटतं आणि ड्रम सुरू झाला की ओवी मरते. कुणीतरी सांगितलं की ट्रीज नावाच्या इंग्रज बँडचा शेवटचा अल्बम ऐका. त्यात नेमकं काय आहे, आणि त्यातलं आपल्या गाण्यात काय घेता येईल?

सल्ला योग्य मिळाला आहे. तो अल्बम म्हणजे 'ऑन द शोअर', १९७१ सालचा, सीबीएस कंपनीचा. ट्रीजचे स्टुडिओत केलेले अल्बम दोनच. पहिला १९७० चा, आणि दुसरा हा शेवटचा. सेलिया हम्फ्रिस गात होती, बॅरी क्लार्क इलेक्ट्रिक गिटारवर, डेव्हिड कॉस्टा अकूस्टिक गिटारवर, बायस बोशेल बेसवर आणि अनविन ब्राउन ड्रमवर. म्हणजे माणसांची मांडणी थेट तुमच्यासारखीच. निर्माता टोनी कॉक्स. रेकॉर्डिंग लंडनच्या चेल्सी भागातल्या साउंड टेक्निक्समध्ये झालं. ही जागा पूर्वी डेअरी होती, आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा लोकगीत-रॉक बँड आणि गायक निक ड्रेक यांचं कामही तिथलंच. मुखपृष्ठ हिप्नोसिस या संस्थेचं. बागेत पाणी उडवणारी एक लहान मुलगी. चित्र शांत, पण पाहताना जरा अस्वस्थ करणारं.

त्या काळी अल्बम फारसा खपला नाही. फेअरपोर्टने १९६९ च्या शेवटी इंग्लिश लोकगीतं आणि रॉक यांची जी जोडणी केली होती, तिच्या सावलीत ट्रीज राहिले आणि 'त्यांच्यासारखाच आणखी एक बँड' असा शिक्का बसला. हा शिक्का चुकीचा आहे आणि का चुकीचा, हे कळलं की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. फेअरपोर्टकडे डेव्ह स्वार्ब्रिकसारखा फिडलवाला होता. लोकगीताची चाल तो वाद्यावर उचलून धरायचा. ट्रीजकडे फिडल नव्हतं, त्यामुळे ते काम इलेक्ट्रिक गिटारवर आलं. बॅरी क्लार्क कॉर्ड ठोकत बसत नाही. ओळ संपली की तिचं टोक उचलतो, थोडा वेळ धरून ठेवतो, पुढची ओळ आली की बाजूला होतो. आपल्याकडे हे काम कुणाचं? झीलकऱ्याचं. शाहीर ओळ टाकतो, श्वास घेतो, आणि तेवढ्या वेळात झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत सूर जमिनीवर पडू देत नाही. पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष तुमच्याच वाळवा तालुक्यातलं. त्या मातीतल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. 'ऑन द शोअर'मध्ये इलेक्ट्रिक गिटार झीलकरी आहे. माझ्या मते या अल्बमचा सगळ्यात मोठा गुण हाच, आणि तुमच्या बँडला कमी पडतंय तेही हेच.

आता गाण्यांकडे. एकूण दहा, जवळपास ४९ मिनिटं. पहिल्या बाजूला चारच गाणी आहेत. सुरुवात 'सोल्जर्स थ्री'ने. हे गाणं १६०९ च्या 'ड्युटेरोमेलिया' या संग्रहात छापलेलं आहे, आणि इथे दोन मिनिटांच्या आत संपतं. त्यानंतर 'मर्डॉक' हे स्वतःचं, मग सात मिनिटांवर जाणारं 'स्ट्रीट्स ऑफ डेरी', मग दहा मिनिटांचं 'सॅली फ्री अँड ईझी'. दुसऱ्या बाजूला 'फूल', तेराव्या शतकातल्या अदाम द ला हाल या फ्रेंच कवी-संगीतकाराच्या चालीवरचं छोटं 'अ‍ॅडम्स टून', 'जॉर्डी', 'व्हाइल द आयर्न इज हॉट', 'लिटल सॅडी' आणि शेवटी 'पॉली ऑन द शोअर'.

'स्ट्रीट्स ऑफ डेरी' आधी ऐका, आणि हेडफोन लावून ऐका. गोष्ट साधी आहे: फाशीकडे नेल्या जाणाऱ्या तरुणाची प्रेयसी त्याला सोडवायला येते. गाणारी कुठेही रडत नाही. आवाज सरळ, उंच, जवळजवळ थंड. दुःख शब्दांत आहे, गळ्यात ओतलेलं नाही. जात्यावर गाणारी बाईसुद्धा असंच गाते; सासुरवासाची ओवी म्हणताना ती आवाज कापवत नाही, कारण हात खुंट्यावर असतो आणि दळण संपवायचं असतं. गोष्ट सांगून होईपर्यंत सगळी वाद्यं गाणारीच्या मागे आहेत. कडवी संपली की मग गिटार मोकळी होते आणि पुढची काही मिनिटं तिची. हा क्रम महत्त्वाचा आहे. तुमच्यासारख्या बँडमध्ये बहुतेक वेळा सोलो मध्ये येतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या दरम्यान, कारण सिनेमाच्या गाण्यात तिथे म्युझिक पीस असतो. कथागीतात तिथे सोलो घातला की गोष्ट तुटते. ऐकणारा विसरतो की फाशीच्या रस्त्यावर कोण उभं होतं.

'सॅली फ्री अँड ईझी' हे पारंपरिक वाटतं, पण ते सिरिल टॉनीने लिहिलेलं आहे, ब्रिटिश नौदलात पाणबुडीवर काम केलेल्या माणसाने. ट्रीजने ते पियानोच्या अगदी मोजक्या सुरांवर सुरू केलं आहे आणि दहा मिनिटांत एकही घाई नाही. आवाज वाढतो, पण तो नवीन वाद्य आणून वाढवलेला नाही. तेच वाद्य जरा जास्त जोराने, जरा जास्त दाट वाजतं. धनगरांच्या गजी नाचात जे होतं ते हेच. गती आणि जोर इतक्या हळू चढतात की कोणत्या क्षणी वेग बदलला ते बोट ठेवून सांगता येत नाही. आटपाडी-जत भागात गजी पाहिली असेल त्याला या गाण्याची घडण पहिल्या ऐकण्यात कळेल.

'जॉर्डी' मात्र वेगळ्या कारणासाठी ऐका. त्यातल्या गिटारच्या फिरत्या तुकड्यात इतकी ओढ आहे की २००६ मध्ये नार्ल्स बार्कली या अमेरिकन जोडीने तो उचलून आपल्या अल्बमच्या शीर्षकगीतात वापरला. एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा, आणि त्यावर पूर्ण कहाणी. जात्याच्या फेऱ्याशी याचं नातं उघड आहे.

दोष सांगायला हवेत, नाहीतर तुम्ही सगळंच उचलाल. 'लिटल सॅडी' हे अमेरिकन खूनगीत इथे हलकं झालं आहे. बँडला मजा येते आहे हे ऐकू येतं, पण आजूबाजूच्या गाण्यांचं वजन त्याला नाही. 'अ‍ॅडम्स टून' मिनिटभराचा आहे आणि श्वास घ्यायला बरा, त्याहून जास्त काही नाही. स्वतः लिहिलेल्या गाण्यांत 'मर्डॉक' पारंपरिक गाण्यांच्या शेजारी ताठ उभं राहतं, 'फूल' तितकं नाही. आणि २००७ मध्ये दोन डिस्कचं जे पुनर्प्रकाशन झालं त्यात नव्याने मिक्स केलेल्या आवृत्त्या आहेत. त्या रंजक आहेत, पण शिकण्यासाठी आधी मूळ मिक्स ऐका. वाद्यांमधली अंतरं त्या माणसांनी १९७० च्या कानांनी ठरवलेली आहेत.

आता तुमच्या कामाकडे. ओवी मरते ती ड्रमच्या आवाजाने मरत नाही. ती मोजणीने मरते. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची, आणि जात्यावरची त्याहून सैल. बाई वैरण टाकायला थांबते, शब्द लांबवते, दुसरी बाई उचलते. एक ओळ तुमच्या हिशेबाने १४ मात्रांची होते, पुढची १७ ची. ड्रमर चारचार मोजतो म्हणून गाणारी नकळत १४ ला ताणून १६ करते आणि १७ ला कापून १६ करते. चालीतली लवचीक जागा तिथेच संपते. उपाय असा: आधी गाणारीला एकटीला, फक्त तंबोऱ्यावर, चार-पाच वेळा पूर्ण ओवी म्हणू द्या आणि रेकॉर्ड करा. मग सगळ्यांनी बसून ऐका आणि कागदावर शब्दांखाली खूण करा, जिथे तिचा जोर खरोखर पडतो. प्रत्येक वेळी त्याच शब्दांवर जोर येतो असं दिसेल. अंतर बदलतं, जागा बदलत नाही. ड्रमरने सुरुवातीला फक्त त्या खुणांवर वाजवायचं. मधे काही नाही. बेसने त्याच खुणांवर षड्ज किंवा पंचम द्यायचा. आठवडाभर असं वाजवलं की ड्रमरचे डोळे गाणारीच्या ओठांवर जातात, मग हळूहळू मधली जागा भरायला हरकत नाही. काही ओव्या मुळातच सहाच्या वजनात झुलतात. त्यांना दादऱ्याचं वजन चालतं, पण तेही कान सांगेल तेव्हाच.

ओव्यांवर क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात एकसारखी टिकटिक देणारा ताल, लावू नका. पोवाड्याला लावला तर चालेल, कारण तिथे डफ आणि तुणतुण्याची चाल पक्की असते. धनगरी ओवीला क्लिक लावला तर वेग चढणारच नाही आणि गाणं जागच्या जागी पाय आपटत राहील. नंतर वरून काही वाजवायचं असेल तर रेकॉर्डिंग झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक समेवर खूण करून टेम्पो मॅप, म्हणजे बदलत्या वेगाचा नकाशा, बनवा. दीड-दोन तासांचं कंटाळवाणं काम आहे, पण गाण्याच्या मागे यंत्र चालतं, यंत्रामागे गाणं नाही.

गिटारच्या सुरांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो आहे. मिरज तुमच्या शेजारी आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याऐवजी खरा तंबोरा आणा. मात्र खरा तंबोरा आला की गिटारचा मेजर कॉर्ड खटकायला लागतो. कारण असं: चांगली जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून मिळणारा गुंजता झंकार) असलेल्या तंबोऱ्यात षड्जाच्या तारेतून शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो, आणि गिटारच्या पडद्यांवरचा गंधार त्याच्यापेक्षा साधारण १४ सेंटने (सेंट म्हणजे एका पडद्याच्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. पंचमाचा फरक फक्त २ सेंटचा, तो कानाला लागत नाही. म्हणून गिटारवरून गंधार काढून टाका. फक्त षड्ज आणि पंचम वाजवा, गंधार गाणारीच्या गळ्यावर सोपवा. दुसरा फायदा असा की बऱ्याच ओव्यांच्या चालीत गंधार कधी शुद्धाकडे, कधी कोमलाकडे झुकतो. मेजर किंवा मायनर कॉर्ड लावलात की तुम्ही चालीच्या वतीने निर्णय घेऊन टाकता.

यासाठी डी-ए-डी-जी-ए-डी ही सुरावट उत्तम. सहावी, दुसरी आणि पहिली तार नेहमीच्या सुरावरून दोन पडदे उतरवायच्या, बाकी तशाच. मोकळ्या तारांत जी म्हणजे मध्यम येतो आणि तंबोरा पंचमाचा असेल तर तो किंचित टोचतो, म्हणून तिसरी तार दुसऱ्या पडद्यावर धरून ए करा. मग सगळ्या तारांवर फक्त षड्ज-पंचम राहतात. तारा .०१२ च्या सेटच्या असतील तर उतरवलेली सहावी खरखरते. .०१३ चा सेट लावा किंवा निदान सहावी .०५६ ची घ्या. गाणारीचा षड्ज काळी ४ असेल तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, सहाव्या पडद्यावर, पांढरी ५ असेल तर पाचव्यावर. त्याच्या वर गेलात तर अकूस्टिक गिटार मँडोलिनसारखी बारीक होते. पण गिटारसाठी गाणारीला खाली आणू नका. तिला जिथे वरचा सूर सहज लागतो आणि खालचा शब्द ऐकू येतो तीच पट्टी. कॅपो लावल्यावर तारा थोड्या चढतात, म्हणून कॅपो लावून झाल्यावर पुन्हा तंबोऱ्याशी मिळवा, ट्यूनरशी नाही.

इलेक्ट्रिक गिटारने गाणारीच्या सप्तकात वाजवू नये. एक सप्तक वर, बाराव्या पडद्याच्या आसपास, किंवा बरंच खाली. गाणारीच्या ओळीचा शेवटचा सूर ऐकायचा, त्याच सुरावर उतरायचं, मग पुढे जायचं. झीलकऱ्याचा हाच धडा. अ‍ॅम्प इतकाच वाढवा की हलक्या बोटाने आवाज स्वच्छ येईल आणि जोराने छेडली की जरा फाटेल. इफेक्ट पेडलने कायम फाटका आवाज ठेवलात तर गिटारला कुजबुजता येणार नाही, आणि झीलकऱ्याला कुजबुजताही आलं पाहिजे.

हलगी. हलगी आणि स्नेअर (ड्रम सेटमधला तळाला जाळी असलेला छोटा ड्रम) दोन्ही एकाच वेळी नकोत. दोघींचा चटका २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि मराठीतली च, ट, क, स ही अक्षरं नेमकी तिथेच ऐकू येतात. दोन्ही वाजल्या की शब्द कळेनासे होतात, मग गाणारी ओरडते, मग सगळेच वाढतात. हलगी असेल त्या गाण्यात स्नेअरच्या तळाची जाळी सोडा आणि ड्रमरच्या हातात काठीऐवजी ब्रश किंवा काड्यांची जुडी द्या. झांज शब्दांखाली नाहीच. तसंच धनगरी ढोल आणि पायाने वाजवायचा किक ड्रम यांपैकी एक निवडा; दोन्ही ६० ते १०० हर्ट्झमध्ये एकमेकांच्या पायात येतात आणि बेसला जागा उरत नाही. ढोल असताना ड्रमरने पाय शांत ठेवायचा. हे त्याला पटायला वेळ लागेल. 'सॅली' लावून द्या, त्यात ड्रम किती वेळ काहीच करत नाही ते तो स्वतः ऐकेल.

कातड्याची हलगी तापवून चढवतात हे तुमचा हलगीवाला जाणतोच, पण स्टुडिओत जाळ करता येत नाही. हेअर ड्रायर किंवा कॉइलची शेगडी चालते, फक्त कातडं सगळीकडून सारखं तापलं पाहिजे, एका जागी धरलं तर तडकतं. पावसाळी हवेत ती काही मिनिटांतच उतरते. सहा मिनिटांचं गाणं सुरू करताना जी हलगी खणखणीत होती ती शेवटच्या कडव्यात भदभदते. त्यामुळे प्रत्येक टेकच्या, म्हणजे एका सलग रेकॉर्डिंगच्या, आधी तापवायची, किंवा दोन हलग्या ठेवून एक तापत ठेवायची. फायबरच्या पानाची हलगी उतरत नाही, पण तिचा आवाज कोरडा आणि टोकदार असतो. ओव्यांना कातड्याचीच, पोवाड्याला फायबर चालून जाईल.

जागा. सांगली-मिरजेत पत्र्याच्या शेडमध्ये तालीम करणारे बँड बरेच. तालमीला ठीक, रेकॉर्डिंगला नाही. पत्रा हलगीबरोबर स्वतः वाजतो आणि पावसाच्या पहिल्या थेंबाला काम थांबतं. स्लॅबची मोठी खोली घ्या, जमिनीवर सतरंज्या, दोन भिंतींना गाद्या किंवा जाड गोधड्या, एक भिंत उघडी ठेवा. सगळी खोली मऊ केली तर आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येतो. रात्री काम करायचं असेल तर ऊसतोडीचा हंगाम टाळा. कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर डेक लावून रात्रभर जातात आणि तो धपधप आवाज बंद खिडकीतूनही बेसच्या ट्रॅकवर येतो. पावसाळा संपल्यावर आणि गाळप सुरू होण्याआधी जो थोडा काळ मिळतो तो सर्वांत चांगला.

मांडणी अशी ठेवा. गाणारी, अकूस्टिक गिटार आणि ड्रम एकाच खोलीत, एकमेकांचे चेहरे दिसतील असे. इलेक्ट्रिकचा वादक याच खोलीत, पण त्याचा अ‍ॅम्प शेजारच्या खोलीत, लांब केबलने. बेस डीआय बॉक्समधून, म्हणजे माइकशिवाय तारेने, थेट रेकॉर्डिंगला. गाणारीचा कंडेन्सर माइक तोंडापासून २० ते २५ सेंटिमीटरवर, किंचित तिरपा, मधे पॉप फिल्टर, आणि माइकची मागची बाजू ड्रमकडे. हलगीवाला तिच्यापासून निदान ३ मीटर. त्याचा माइक हलगीपासून १ मीटरवर, कडेच्या वर, पानाच्या मध्यावर रोखलेला नको. दोन माइकमधलं अंतर हे माइक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवलं की एकमेकांत मिसळणारा आवाज त्रास देत नाही. तंबोऱ्याचा माइक ३० ते ४० सेंटिमीटरवर, घोडीच्या जरा खाली रोखून. थेट घोडीवर रोखला तर जवारीची सळसळच येते आणि भोपळ्याची गोलाई हरवते. जवारीचे दोरे टेकच्या आधी प्रत्येक वेळी तपासा. पंखा बंद करून खोली गरम झाली की तारा उतरतात.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या दरम्यान. याहून वर नेऊन काहीच मिळत नाही, आणि हलगीचा एकच चुकीचा फटका अख्खा टेक फोडतो.

लांब गाण्याचे एका दिवसात तीनच टेक घ्या. तीननंतर गाणारीचा आवाज टिकला तरी गोष्ट सांगण्याची इच्छा टिकत नाही. निवडताना पूर्ण टेक निवडा. पहिल्याचं एक कडवं आणि तिसऱ्याची दोन कडवी जोडली तर वेग जुळत नाही, कारण क्लिक नव्हता, आणि जुळवण्यासाठी ताणलात तर ओवी पुन्हा १६ मात्रांची होते. एखादा बेसूर बेस किंवा चुकलेली तार नंतर सुधारता येते. चुकलेला श्वास येत नाही.

एका सात मिनिटांच्या ओवीसाठी ढोबळ आराखडा देतो, जसाच्या तसा वापरू नका. पहिलं कडवं फक्त आवाज आणि तंबोरा. दुसऱ्यात अकूस्टिक, पण प्रत्येक ओळीच्या शेवटीच. तिसऱ्यात बेस, फक्त खुणांवर. चौथ्यात ड्रम ब्रशने आणि इलेक्ट्रिकची पहिली झील. शेवटच्या कडव्यापर्यंत सगळे, पण कुणीही पूर्ण जोरात नाही. गोष्ट संपली की दोन ते अडीच मिनिटं वाद्यांची, इथे हलगी यावी. मग अचानक सगळे थांबून गाणारीची पहिली ओळ एकदा, एकटी. इथे हमखास चूक होते ती चौथ्या कडव्यात: ड्रमर आला की अकूस्टिकवाला घाबरून जोरात छेडतो, तारा आपटतात, आणि तिथून पुढे कुणालाच वर जायला जागा उरत नाही. अकूस्टिकवाल्याने ड्रम आल्यावर उलट हात हलका करायचा.

मिक्समध्ये आधी गाणारी आणि तंबोरा लावा, बाकी सगळं बंद. ते ऐकताना काही कमी वाटत नाही अशा पातळीवर आणा. मग एकेक वाद्य आत घ्या, आणि एखादा शब्द ऐकू यायचा थांबला की ते वाद्य तिथेच रोखा. हलगीत ३ किलोहर्ट्झपाशी २-३ डेसिबल काढलं तर पुरतं. जास्त काढलं तर हलगी पुठ्ठ्याची होते. शेवटी सगळं दाबून मोठं करू नका. लफ्स या सरासरी मोठेपणाच्या मापात उणे १४ च्या आसपास थांबा. चढत जाणाऱ्या गाण्याची सुरुवात हळूच ऐकू आली पाहिजे.

ओव्या कुणाकडून घेतल्या ते अल्बमवर लिहा: 'पारंपरिक', त्यापुढे गाणाऱ्या बाईचं गाव, आणि तिची परवानगी असेल तर नाव. पारंपरिक ओवीवर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो, पण तिने गायलेलं तुम्ही रेकॉर्ड करून वापरलंत तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे त्या गायनावर तिचा ५० वर्षांचा हक्क असतो. साध्या मराठीत एक पान लिहा, वाचून दाखवा, सही घ्या आणि मानधन द्या. शब्दांसाठी आणखी ओव्या हव्या असतील तर हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या संग्रहात लाखावर ओव्या आहेत.

क्रम लावताना पहिलं गाणं दोन मिनिटांचं ठेवा, जसं ट्रीजने ठेवलं आहे. ऐकणाऱ्याला तुमचा आवाज कळतो आणि त्याची परीक्षा होत नाही. सगळ्यात लांब गाणं मध्यावर. स्वतःची गाणी दोन पारंपरिक गाण्यांच्या मधे ठेवा, म्हणजे कोणतं किती वजनाचं आहे ते तुम्हालाच ऐकू येईल. जे शेजाऱ्यांपुढे पडेल ते अल्बममधून काढा, मग ते कुणाचंही असो. शेवटी 'पॉली'सारखं गाणं हवं: गोष्ट पूर्ण सांगणारं आणि नंतर वाद्यांना बोलू देणारं. तुमच्या यादीत ती जागा धनगरी ओवीची आहे. तिचा शेवट रेकॉर्ड करताना ढोल थांबल्यावरही तंबोरा वाजत राहू द्या, निदान २० सेकंद, आणि तोवर खोलीत कुणी खुर्ची हलवायची नाही, माइककडे हात न्यायचा नाही.